विटलेला नमुना

माझी मावशी काचेत बघून पगार मिळवते. आरशात नव्हे, आरशात बघायला तिला सवड नसते.

औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर ती एकवीस वर्षं बसते आहे. समोर दिवा, मागे अर्धा पांढरा आणि अर्धा काळा पुठ्ठा. अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची बोटाएवढी बंद कुपी, उचलायची, उलटी करायची. पांढऱ्यावर पाच सेकंद, काळ्यावर पाच सेकंद. कचरा, तडा, रंग. नापास झाली की तांबड्या डब्यात. कामावर तिला सगळे घार म्हणतात, तेही तोंडावर. काका म्हणतात, "ही माझ्याकडे पाच सेकंदांच्या वर बघायला लागली की वाटतं, चाललो आता तांबड्या डब्यात."

मी पलीकडच्या खोलीत, पॅकिंगला. भूमितीत पस्तीस मार्क पडले होते, म्हणून खोक्यात खोकी बसवायचं काम मिळालं.

आमच्याकडचं सगळ्यात लहरी औषध समुद्रातून येतं. तळाशी काटेरी चेंडूसारखा एक प्राणी असतो, त्याच्या अंगातला रंग काढून शुद्ध करतात. डोळ्याच्या आत रक्त उतरलं की डॉक्टर त्याचं इंजेक्शन देतात. दाट, काळपट तांबडं. औषधाला रंग दिलेला नाही, रंग हेच औषध. आणि त्याचं हवेशी हाडवैर. ऑक्सिजन लागला की तो विटायला लागतो. तांबड्याचा तपकिरी, तपकिरीचा पिवळट. रंग गेला की गुणही गेला. म्हणून अँप्युलचं तोंड वितळवून बंद करण्याआधी नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलून लावतात.

रंग ताडून बघायला लॅब दर सोमवारी एक नमुना देते, बरोबर रंगाची अँप्युल. काम संपलं की ती काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची. मावशीला हे पटत नसे. "दर सोमवारी नवा नमुना म्हणजे दर सोमवारी नवा साहेब. ओळख होतेय तोवर बदली." तिनं दीड महिना एकच नमुना चालवला. तोही डब्यात नाही, दिव्यासमोरच्या खाचेत कायम उभा. नवे नमुने कागदासकट खणात.

त्या गुरुवारी माझ्या टेबलावर याच औषधाचे दोन ट्रे शेजारी आले. एक गेल्या महिन्याचा, मागे राहिलेला, एक कालचा. मी दोन्हींतली एकेक अँप्युल घेऊन मावशीकडे गेलो.

"मावशी, ही सख्खी भावंडं म्हणे. मग एकाची तब्येत अशी का?"

"चहाटळपणा पुरे. दाखव."

तिनं दोन्ही नमुन्याशेजारी धरल्या. कालची हुबेहूब जुळली. जुनी गडद दिसली.

"तुझा जुना ट्रे बिघडलाय," ती म्हणाली. आणि पुन्हा दिव्यासमोर बघू लागली. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"काय झालं?"

"अरे, हे औषध विटतं. गडद नाही होत कधी."

तिनं खणातून नवा नमुना काढला. काळा कागद सोडवला. नवा नमुना जुन्या ट्रेशी जुळला. खाचेतला जुना नमुना उचलून तिनं दिव्याजवळ नेला. मानेपाशी केसाएवढी चीर होती. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या चिरा पकडल्या, तिच्याच डोळ्यांसमोर रोज थोडी हवा, थोडा उजेड आत जात होता. नमुना इतका सावकाश विटला की तिची नजरही त्याच्यासोबत विटत गेली.

"कालचे किती ट्रे पास केलेस?" मी विचारलं.

"सात. सहा कोठीत आहेत. एक सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गेला."

मी शहाणपणा केला. "आधी खात्री करू, मग सांगू."

"तू खात्री कर. मी सांगते," ती म्हणाली आणि लॅबवाल्या मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

यंत्राची नायट्रोजनची एक नळी चोंदली होती, कालच्या मालात हवा राहिली होती. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मावशी खुर्चीच्या कडेवर, ॲप्रनचा बंद बोटाला गुंडाळत. बोट पांढरं पडलं तरी सोडेना. चौथ्यांदा लागला. मॅडम नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "ट्रे बाजूला काढलाय. पण त्यातल्या दोन अँप्युल वापरल्या गेल्या. एक निवृत्त बाई आणि एक शिंपी. विष नाही ते, पण जोर नाही. दोघांना उद्या परत बोलावलंय." मग हळूच, "चौकशी होईपर्यंत तुम्ही टेबलावर बसू नका."

घरी काकांनी विचारलं, "नोकरी जाईल?"

"गेली तर गेली. त्या दोघांचे डोळे गेले तर?"

काका उठले आणि तिचं ताट वाढायला लागले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. निवृत्त बाई आमच्यासमोरच बाहेर आल्या. त्यांचं रक्त ओसरतंय, नर्स म्हणाली. शिंप्याचं ओसरलं नव्हतं. डोळ्यावर पट्टी, तो आमच्याच बाकावर बसला.

"तुमचं कोण आहे आत?" त्यानं विचारलं.

मावशीनं एकदा माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. नमुना, खाच, खण. काही वगळलं नाही. मी बाकाखाली जागा शोधत होतो.

शिंपी डोळ्यावरची पट्टी चाचपत राहिला. "एका डोळ्यानं सुईत दोरा जात नाही, बाई," एवढंच म्हणाला.

"माहीत आहे."

नर्स ताजी अँप्युल घेऊन आली. शिंप्यानं तिला थांबवलं आणि मावशीकडे बोट केलं. "आधी यांना दाखवा."

नर्सनं कुपी खिडकीच्या उजेडात धरली. मावशीनं बघितलं. पाच सेकंद, आणखी पाच.

"मला ठीक दिसतेय," ती म्हणाली. "पण माझ्या डोळ्यावर जाऊ नका. लॅबचा कागद आलाय का, तो आधी वाचा."

नर्स कागद आणायला गेली. शिंपी दाराकडे एका डोळ्यानं बघत राहिला, आणि मावशी दोन्ही डोळ्यांनी.