आडव्या बाटलीचं भाषांतर

आईने मोठ्या हौसेने नाव ठेवलं संघर्ष, पण हा बाबा भांडणाची चाहूल लागली की पाणी प्यायला उठणारा. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये तो गाड्यांचे ब्रेक तपासायचा, आणि साहेबलोकांत मिसळता यावं म्हणून बिअरही प्यायचा. २०१४च्या उन्हाळ्यात आई, गयाबाई, राहायला आली तेव्हा फ्रिजमधल्या बाटल्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "अल्कोहोलफ्राय आहे गं. म्हणजे बिनदारूची." दारूला न शिवण्याचं पाचवं शील जन्मभर पाळलेल्या बाईने लेकावर विश्वास ठेवला.

शनिवारी त्याची अमेरिकन साहेबीण, हेलन, जेवायला आली. गप्पांत तिच्या पणजीचा विषय निघाला. दीडशे वर्षांपूर्वी ही पणजी गावातल्या बायका घेऊन दारूच्या गुत्त्याच्या पायरीवर गुडघे टेकून बसायची. लोक अंगावर बिअर ओतायचे, तरी उठायची नाही. पुढे त्याच बायका मताचा हक्क मागायला लागल्या.

"काय म्हणते रे?" आईने विचारलं. संघर्षने सांगितलं, तशी ती खुर्चीतून पुढे सरकली. "मग सांग की तिला! आम्हीपण गावातलं दारूचं दुकान मतदान करून बंद केलं. सगळ्या बायांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले. मार खाल्ला, पण हटलो नाही."

हेलन उत्सुकतेने बघत होती. संघर्षच्या हातात अर्धी बाटली होती, खऱ्या बिअरची. आईचं बोलणं हेलनला सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न त्या बाटलीचाच येणार.

"आई म्हणतेय, अजून भात घ्या," तो इंग्रजीत म्हणाला.

हेलनने हसून हात जोडले. आईचे डोळे भरून आले. तेवढ्या वेळात संघर्षला मान वर करता आली नाही. लाजेने कानशिलं तापली होती, आणि तरी तो हेलनच्या ताटात भात वाढत होता.

पाहुणी गेल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली रे?"

"म्हणाली, तुम्ही आणि माझी पणजी एकाच जातकुळीच्या." तोंडातून निघून गेलं.

रविवारी सकाळी आईने गावी अहिल्यामावशीला फोन लावला. तिकडे ओसरीवर त्या मतदानाच्या वेळच्या साऱ्या बाया जमल्या होत्या. आईने फोन त्याच्या हातात दिला. "तूच सांग. माझ्यावर विश्वास नाही बसत त्यांचा."

"खरंच म्हणाली का रे ती बाई?" अहिल्यामावशीने विचारलं.

"हो मावशी," संघर्ष म्हणाला, "उभी राहून म्हणाली."