जळकं ऑइल

मालकानं जळक्या ऑइलचं घमेलं उचललं आन् माझ्या पायावर ओतलं. गरम होतं. चपलीत शिरलं. गॅरेजात चहा पीत बसलेले तिघं खदाखदा हसले.

चूक काय माझी? ट्रॅक्टरचं ऑइल बदललं होतं. मालक म्हणले, मागच्या ओढ्यात फेक. मी म्हणलं, "मालक, खाली आमच्या वस्तीची मेंढरं पाणी पितेत. ड्रमात साठवू की."

एवढंच.

"मेंढरामागं हिंडणारी जात तुमची. तू मला शिकवायलास?" म्हणले आन् ओतलं. "घे. लाव तुज्या मेंढरायला."

खरं सांगतो, भाजलं त्याच्यापरीस हे शेवटचं जास्ती लागलं. कारण आमी लावतच होतो. खरूज झाली की आमच्यात जळकं ऑइल फडक्यानं मेंढराच्या अंगाला चोपडतेत. मीच कॅन भरून घरी न्यायचो. आईला वाटायचं, लेक गॅरेजात लागला म्हणून औषध येतंय. मलाबी मोठेपणा वाटायचा. मग दोन गाभण मेंढ्या अंग चाटून चाटून मेल्या. जनावराचे डॉक्टर म्हणले, "हे औषध न्हाई, जहर हाय." माझ्याच हातानं घरात गेलं होतं ते.

तर ऑइल ओतलं त्या दिवशी मी पाय पुसायलो तर मालकानं घमेल्यात उरलेलं माझ्यापुढं सरकवलं. "जा, फेकून ये."

आजवर फेकलंच होतं की, मान खाली घालून! पाना खाली ठिवला. "न्हाई फेकणार. ओढ्यातबी न्हाई, मातीतबी न्हाई."

"मग चालता हो."

झालो.

आता देवगाव फाट्यावर माझं सोताच्या गॅरेजचं पत्र्याचं शेड हाय. झाकणाचा ड्रम हाय. जळकं ऑइल नेऊन शुद्ध करणारे परवानावाले येतेत, त्यायच्या गाडीत देतो. वाटलं होतं, आपली माणसं तरी पाठीवर हात ठिवतील. कशाचं काय! चुलतभाऊ रिकामा कॅन घिऊन आला. "दे रे थोडं. मेंढरं लय खाजवायलीत."

मी म्हणलं, "दवाखान्यात जाऊ, मी येतो संगं. हे न्हाई देणार."

त्यानं रिकामा कॅन उचलला. "मालकाच्यात राहून मालकच झालास की रे."

तवापासून वस्तीवरचं कुणी शेडाकडं वळत न्हाई. मेंढरं समोरून जातेत, भाऊ तोंड फिरवतो. दुपारी डबा एकटाच उघडतो. लय एकटं वाटतं.

परवा आईनं शेजाऱ्याच्या हाती निरोप धाडला. "भावाला एक कॅन दे आन् भांडण मिटव."

आईचा शब्द मी कधी मोडला न्हाई. निरोप आणणारा शेजारी समोर उभाच होता. डोळ्यात पाणी आलं, ते त्यानं बघितलं, बघू दे.

म्हणलं, "आईला सांगा, तुज्या लेकानं तुलाबी न्हाई म्हणलंय. रागाव म्हणावं. घरात घिऊ नको म्हणावं. कॅन मिळणार न्हाई."