आमचं चोख घराणं

मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना जे सांगायचं, तेच माझ्या थोरल्या काकांनी सांगलीच्या डॉक्टरांना सांगितलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

वडील पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले, वय चोपन्न. औंधच्या बाजारातून येताना वाट चुकायला लागले. मग शर्टाची बटणं लावता येईनात. गाव म्हणालं, पितो. मिलिटरीतल्या माणसाबद्दल गावाला दुसरं काही सुचतच नाही. ते कधी थेंबाला शिवले नव्हते.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. मेंदू आक्रसला होता, आणि सुरुवात आम्हाला कळायच्या कितीतरी आधी झाली असणार, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला असं झालं होतं का?"

"न्हाई सायेब," काका म्हणाले. "आमचं घराणं चोख हाय."

चोख! आजोबा पन्नाशीतच स्वतःच्या उंबऱ्यावर उभे राहून हे घर कुणाचं म्हणून विचारायचे. फलटणला दिलेली आत्या पन्नाशीच्या आतच पोटच्या पोरांना ओळखेनाशी झाली, तेव्हा सासरच्यांनी परत आणून सोडली. दोघांनाही भ्रमिष्ट ठरवून मागच्या खोलीत ठेवलं, आणि बाहेर चकार शब्द नाही. का, तर घरातल्या पोरींची लग्नं मोडतील. आता पोर म्हणजे मी होते.

"काका खोटं बोलतायत," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. काका डोळे वटारत होते. वटारू देत!

डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतलं. इतक्या कमी वयात तिघांना झालंय म्हणजे हे रक्तातून आलेलं असू शकतं, म्हणाले. भावंडांना, मुलांना धोका असतो, पण होईलच असं नाही. माझी तपासणी करता येईल का, असं मी विचारलं. ती इथं होत नाही, आणि कळलं तरी त्यावर औषध नाही, असं ते म्हणाले.

परतताना विट्याच्या स्टँडवर काकांनी तोंड सोडलं. "आता तुला करून घेनार कोन? सोताच्या हातानं वाटुळं केलंस!"

वडिलांचा हात धरून मी अख्ख्या स्टँडसमोर ओरडले, "तुमी बी त्याच बापाचं हायसा! तुमाला भ्या वाटत न्हाई?"

काकांचं तोंड पांढरं पडलं. ते बाकावर बसले.

वडील माझ्याकडे वळले. "कुनाचं लगीन हाय?"

"तुमच्या लेकीचं, आबा."

"मग तिला बोलवा की. लय दिस झालं, दिसली न्हाई."