उलटा काता

साथीत हॉलला कुलूप लागलं, तेव्हा कराटेचे सर छातीठोकपणे म्हणाले होते, "पोहणं आणि कराटे काही फोनवर शिकवता येत नाही." पण महिन्याभरात निम्मी मुलं गळाली आणि उरलेल्यांचे आईबाप चुळबुळ करू लागले. क्लास मोडला तर सरांजवळ उरणार काय, तर एक विटका काळा पट्टा आणि दुखरा गुडघा. शेवटी ते नाक मुठीत धरून फोनला शरण गेले.

बैठकीतला सोफा पॅसेजमध्ये गेला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकून उभा राहिला. पहिल्याच दिवशी सरांची लाथ दिव्याला लागली. बायको आतून म्हणाली, "समोर शत्रू नसला तरी घर आहे, एवढं ध्यानात असू द्या."

खरी पंचाईत निराळीच होती, पण ती कुणाला दिसली नाही. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या वारांचा आणि बचावांचा संच. त्याची सुरुवात डावीकडे वळून होते. हॉलमध्ये सर मुलांसमोर तोंड करून उभे राहत आणि स्वतः उजवीकडे वळत, म्हणजे मुलं बरोबर डावीकडे वळत. ही उलटी चाल त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. फोनवर मात्र त्यांना आपली छबी आरशातल्यासारखी दिसली. सरांनी डोकं चालवलं: फोनच उलटं दाखवतोय, तर आपण सरळ करावं. पण आरसा होता तो फक्त त्यांच्यापुरता. मुलांना ते जसेच्या तसे दिसत. सर डावीकडे वळले की समोरची मुलं इमानेइतबारे उजवीकडे. पडद्यावर सगळे एकाच बाजूला जाताना दिसत, अगदी हॉलमधल्यासारखे, आणि सर खूश होत.

सगळ्यांत मन लावून शिकली ती एक सडपातळ मुलगी. तिखट जिभेमुळे सर तिला फटाकडी म्हणत. पट्ट्याच्या परीक्षेसाठी ती गच्चीवर घाम गाळत होती.

परीक्षा घ्यायला सरांचे म्हातारे गुरुजी पडद्यावर आले. फटाकडीने उजवीकडे वळून सुरुवात केली. गुरुजींनी चष्मा पुसला, बाकीच्यांनाही काता करायला लावला आणि विचारलं, "काय रे, सगळी डावरीच पोरं जमवलीस का?"

सरांना तेव्हा कुठे फोनच्या आरशाचा घोळ उमगला. गुरुजींनी नियमाला धरून सगळ्यांना नापास केलं. पस्तीस वर्षांच्या शिकवण्यात सरांनी मुलांची माफी कधी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. "चूक माझी आहे. तुम्ही मी दाखवलं तेच केलंत." सगळ्यांचे आवाज बंदच होते.

दुसऱ्या दिवशी सर धाकधुकीतच बसले. एकेक चेहरा उगवला, काही नाही उगवले. फटाकडी आली, पण कॅमेरा बंद ठेवून. तिच्या जागी नुसता काळा चौकोन.

सरांनी नव्याने सुरुवात केली. प्रत्येकाला चुका सांगितल्या. काळ्या चौकोनापाशी येऊन ते अडखळले. लाज वाटत होती, आणि ही पोर गेली तर आपण कुणाला शिकवायचं तेही कळत नव्हतं.

"फटाकडे, पाय चुकला. डावा पुढे."

चौकोनातून आवाज आला. "सर, तुम्हाला मी दिसतच नाहीये."

"नाही दिसत."

"मग चुकला ते कसं कळलं?"

"तुला शिकवलंय कुणी? मीच ना? मग चुकणारच."

चौकोन उजळला. डोळे सुजलेले होते, केस विस्कटलेले. उजवाच पाय पुढे होता.