शेवटची चाळीस पानं

मावशीचं दुकान दीड खोलीचं. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं. ‘आमच्यामध्ये बसून ही बाई खून विकते,’ असं चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगे. मावशी आतूनच ओरडे, ‘माझी पुस्तकं वाचून लोकांचे डोळे जातात, म्हणून तुझी चूल पेटते. तोंड सांभाळ!’

खरं तर ती एकाच मुलीची मावशी होती. ही भाची कॉलेजात असताना दुकानात बसून अभ्यास करायची आणि दिवसातून पन्नासदा ‘मावशी’ म्हणून हाक मारायची. ते नाव गल्लीने उचललं. पुढे भाची साहित्यात एम. ए. झाली आणि दुसऱ्या गावी शिकवायला गेली. नाव मागे राहिलं.

मावशीने लग्न केलं नाही. वीस वर्षं एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात मागच्या कोठीत काम केलं. गठ्ठे सोडले, गठ्ठे बांधले. ते दुकान बंद झालं तेव्हा मालकाने विचारलं, आठवण म्हणून काय हवंय? बाकीच्यांनी घड्याळ मागितलं, खुर्ची मागितली. मावशीने रहस्यकथांचं कपाट मागितलं, पुस्तकांसकट. त्या एका कपाटावर तिने स्वतःचं दुकान थाटलं. त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

दुकानात रहस्यकथा आणि गुन्हेगारीच्या कादंबऱ्या सोडून दुसरं काही नव्हतं. नवी पुस्तकं महिन्यातून एकदा येत. पहिल्या शनिवारी सकाळी दहाला ती दारासमोरच्या टेबलावर मांडली जात. पार्सल आल्यापासून शनिवारपर्यंत मावशी ती सगळी वाचून काढी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जेवताना, गॅसवर दूध असताना. दूध उतू जाई, पुस्तक हातातून सुटत नसे.

वाचल्याशिवाय विकायचं नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाचं काही ना काही पथ्य असे. दातांच्या डॉक्टरांना सात माणसं विष देऊन मारलेली चालत, पण मांजराच्या केसाला धक्का लागलेला चालत नसे. पोहायला शिकवणाऱ्या बाईंना पाण्यातला मृत्यू नको. निवृत्त नर्सला काहीही चालायचं, फक्त औषधाचा डोस बरोबर हवा. तो चुकला की ती पुस्तक काउंटरवर आपटून म्हणे, ‘एवढ्याने उंदीरसुद्धा मरायचा नाही!’ मावशी ही पथ्यं एका वहीत लिहून ठेवी. बहुतेक जण आपण होऊन सांगत नसत. चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

बस स्टँडवरच्या कंट्रोलरचं पथ्य तिने असंच ओळखलं होतं. हा अठ्ठावन्न वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा गृहस्थ. कोणती गाडी कधी आली आणि कधी सुटली, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना तो दारात हजर असे. पहिल्या वर्षी त्याने एक पुस्तक अर्ध्यातून परत आणलं. ‘बदलून मिळेल का, ताई?’ एवढंच म्हणाला. ते पुस्तक एका हरवलेल्या मुलाबद्दल होतं. तो मुलगा शेवटी मेलेला सापडतो. मावशीने एक शब्द न विचारता पुस्तक बदलून दिलं. मग दोन-तीन महिन्यांनी त्यानेच सांगितलं. बायको लवकर गेली. मुलाला एकट्याने वाढवलं. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना भांडून घरातून गेला. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही.

मावशीने वहीत लिहिलं, ‘हरवलेला मुलगा जिवंत सापडला तर चालेल.’ पुढे काही लिहायला हात धजला नाही.

पाच वर्षं तिने हे पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळलं.

या महिन्यात पार्सल चार दिवस उशिरा आलं. पाच पुस्तकं आणि मधे दोनच दिवस. चार संपली. पाचवं जाडजूड होतं. पाणी उपसायच्या एका जुन्या केंद्रावरच्या इंजिनिअरचा खून. त्या गावातून कधीकाळी एक मुलगा निघून गेलाय, असा उल्लेख सुरुवातीला दोनदा येतो आणि मग येतच नाही. शुक्रवारी दुपारी, चाळीस पानं उरलेली असताना, मावशीने खुनी ओळखला. हिशेबनीस! तिने शेवटून सातवं पान उघडून खात्री केली. हिशेबनीसच होता. मावशी स्वतःवर इतकी खूश झाली की तिने पुस्तक मिटलं, चहा टाकला आणि मधली पानं तशीच सोडली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी कंट्रोलरने नेमकं तेच उचललं. ‘हे कसं आहे, ताई?’

‘डोळे मिटून घ्या,’ मावशी म्हणाली.

रविवारी दुकान बंद असे. दुपारी भाचीचा फोन आला. पार्सल आलं की त्याच दिवशी मावशी एका पुस्तकाची प्रत तिला कुरिअरने पाठवी; या वेळी ते जाडजूडच पाठवलं होतं. भाची चारचौघांत अशा पुस्तकांना नाक मुरडायची आणि घरी रात्रभर जागून ती वाचायची.

‘संपवलं,’ भाची म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

‘मग? हिशेबनीस! मी चाळीस पानं आधीच ओळखला.’

‘खुनी जाऊ दे गं. मला तो मुलगा डोक्यातून जात नाहीये. सकाळपासून नुसती बसून आहे.’

‘कोणता मुलगा?’

‘मावशी, तू वाचलं नाहीस?’

मावशीने फोन ठेवला आणि दुकानात जाऊन उरलेल्या प्रतीतून उभ्यानेच ती चाळीस पानं वाचली. निघून गेलेला मुलगा कुठेच गेलेला नव्हता. अकरा वर्षं तो पंपघराच्या फरशीखाली होता. इंजिनिअरला ते कळलं होतं, म्हणून इंजिनिअर मेला. सगळं पुस्तक त्या मुलाचंच होतं. तिच्या शहाणपणाने तेवढंच वाचायचं टाळलं होतं.

कंट्रोलरची रविवारी दुपारची ड्युटी असते, हे तिला माहीत होतं. गाड्यांच्या मधल्या वेळात तो वाचतो, हेही. ती रिक्षाने स्टँडवर गेली.

केबिनला तीन बाजूंनी काच होती. आत टेबल, नोंदीचं रजिस्टर, माईक आणि फरफर करणारा पंखा. पुस्तक रजिस्टरच्या बाजूला मिटलेलं होतं. खुणेचा कागद जवळजवळ शेवटी होता. दोन प्रकरणं उरली असावीत. मावशीचा जीव भांड्यात पडला.

‘ताई? तुम्ही इकडे?’ तो उठून उभा राहिला. ‘बसा, बसा. कुठली गाडी हवीय?’

‘गाडी नको. ते पुस्तक द्या. प्रत खराब निघाली. शेवटी पानं उलटसुलट लागलीत. मी बदलून देते.’

त्याने पुस्तक उचललं आणि शेवटची पानं अंगठ्याने सोडली. आकडे ओळीने निघून गेले. तिनेही पाहिलं, त्यानेही पाहिलं.

‘पानं तर नीट आहेत.’

‘मग छपाई पुसट असेल.’

‘ताई.’ तो खाली बसला. ‘रविवारी तुम्ही गल्लीबाहेर पडत नाही. पायात घरातल्या सपाता आहेत. चष्मा वाचायचा लावून आलात, रस्त्यावरचा नाही. पाच वर्षं तुमची पुस्तकं वाचतोय मी.’ तो हसला. मग हसू आपोआप उतरलं. ‘तो मुलगा मेलाय. हो ना?’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. ती आली नसती तर निदान पुस्तकाने त्याला हळूहळू सांगितलं असतं.

‘चूक माझी आहे,’ ती म्हणाली. ‘मी शेवट वाचला नव्हता. न वाचता तुम्हाला दिलं.’

‘तुम्ही? न वाचता?’ त्याला त्याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं.

‘खुनी ओळखला म्हणून शेफारले.’

बाहेर गाडी लागली. त्याने काचेतून नंबर पाहिला, घड्याळ पाहिलं, नोंद केली, माईकवरून गाडी पुकारली. आवाज रोजच्यासारखाच होता. मग त्याने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

‘वाचा.’

‘कशाला उगीच?’

‘कळलंय तर खरं. आता कसं ते कळू दे. माझ्याच्याने नाही वाचवणार. तुम्ही वाचा.’

मावशीने वाचायला सुरुवात केली. तिला मोठ्याने वाचायची सवय नव्हती. पहिल्या पानावर ती तीनदा अडखळली. गाडी आली की तो हात वर करी आणि ती थांबे. तो नोंद करी, हात खाली घेई, ती पुढे वाचू लागे. असं करत पंपघराची फरशी उचलली गेली. मग तपास अधिकारी त्या मुलाच्या आईच्या घरी गेला. आईने त्याला बसायला खुर्ची दिली. त्याने सांगितलं. ती म्हणाली, परत सांगा. त्याने परत सांगितलं. ती म्हणाली, बरं.

मावशीने पुस्तक मिटलं. कंट्रोलरने तिच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली.

‘तिने तक्रार दिली होती,’ तो म्हणाला. ‘आईने. अकरा वर्षांपूर्वी. तो कागद कुठल्यातरी फायलीत होता, म्हणून अधिकाऱ्याला धागा लागला.’

‘हो.’

‘मी दिलेली नाही.’

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ‘काय दिलेली नाही?’

‘तक्रार.’

‘अहो, सहा वर्षं झाली!’

‘माहितेय.’

‘सगळ्यांना वाटतंय, पोलीस शोधतायत...’

‘मीच तसं वाटू दिलं.’ तो पेनाचं टोपण काढत-घालत होता. ‘तक्रार दिली की मुलगा हरवला असं होतं, ताई. तोवर तो नुसता रागावून गेलेला असतो.’

मावशीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. मोठ्या बहिणीने बोलावं तसं. तिने ते गिळलं. शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना दारात उभा राहणारा हा माणूस. त्याला ती पाच वर्षं सापडलेली माणसं विकत होती. त्याच्या मुलाला मात्र कोणी शोधतच नव्हतं. तिच्या पथ्याने त्याला सांभाळलं होतं की आहे तिथेच बसवून ठेवलं होतं, हे तिला आता ठरवता येईना.

पुढची गाडी आली. त्याने नोंद केली. मान वर न करता विचारलं, ‘उद्या माझी सुट्टी आहे. तुम्ही दुकान किती वाजता उघडता?’

‘उद्या उघडत नाही,’ मावशी म्हणाली.

सकाळी दोघं पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर भेटले. त्याने शर्टाला नीट इस्त्री केली होती आणि मुलाचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. टेबलामागची पोलीसबाई तरुण होती, भाचीच्या वयाची. तिने फॉर्म ओढला. नाव, वय, उंची, रंग. सहा वर्षांचा आकडा ऐकून ती थबकली आणि तिने आधी मावशीकडे पाहिलं. मावशीने नजर हलवली नाही. पोलीसबाई पुढे लिहू लागली.

‘शेवटचं कधी पाहिलं?’

त्याने तारीख सांगितली. ‘सकाळी सात अठरा.’

‘सात-साडेसात लिहिते.’

‘सात अठरा लिहा. सव्वासातची गाडी होती. तीन मिनिटं उशिरा सुटली.’

‘इतकं नेमकं?’

‘मीच सोडली.’

खोलीत टाइप करणारा एक शिपाई होता. त्याचेही हात थांबले.

‘तो खिडकीपाशी बसला होता,’ कंट्रोलर म्हणाला. ‘मी केबिनमध्ये. आमच्यामध्ये एक काच त्याची, एक माझी. वेळ झाली तरी मी गाडी पुकारली नाही. वाटलं, उतरेल. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी हाताने थांब म्हटलं. तीन मिनिटं. त्याने एकदा बघितलं माझ्याकडे.’ त्याने टेबलाची कड धरली. ‘मी बाहेर यायला हवं होतं. दहा पावलं होती. मी माईक हातात घेतला आणि गाडी पुकारली.’

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. यापूर्वी तिने त्याच्याशी कधी हातसुद्धा मिळवला नव्हता.

पोलीसबाईने सात अठरा लिहिलं. मग जरा वेळाने, फॉर्ममध्ये तसा रकाना नसताना, विचारलं, ‘गाडी कुठे जाते ही?’

त्याने ताठ बसून सांगायला सुरुवात केली. पहिला थांबा, दुसरा, घाटाच्या अलीकडचा, पलीकडचा. पुकारायच्या त्याच सुरात, न अडखळता. पोलीसबाई भराभर लिहीत होती. नवव्या थांब्यावर तिने हात वर केला.

‘काका, हळू,’ ती म्हणाली. ‘प्रत्येक ठिकाणी फोन लावणार आहे मी. पहिल्यापासून सांगा.’

तो घोटभर पाणी प्यायला आणि पहिल्यापासून सांगू लागला.