गोंदियाच्या सिस्टर आणि माझी तक्रार

माझ्या वडिलांचा स्वभाव अख्ख्या पुण्यात एकाच माणसाला पुरता कळला, आणि ते माणूस पुण्याचं नव्हतं. गोंदियाकडच्या त्या सिस्टर शनिवार पेठेतल्या एका लहानशा हॉस्पिटलात नोकरीला होत्या. राहायला कात्रजला, दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्ड त्यांच्याकडे होता, एवढीच आमची ओळख. गोळी देण्याआधी पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारायचं हा त्यांचा नेम. दिवसातून चारदा गोळ्या, तर चारदा नाव. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेली, स्वतः हजेरी देण्याची सवय नाही. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "नाव सकाळचंच आहे. बदललं की कळवतो." सिस्टर हसल्या, पण नाव येईपर्यंत गोळी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. शेजारच्या खोलीतल्या पाच वर्षांच्या मुलीने हातावरची नावाची पट्टी चावून चावून कोरी केली होती, आणि वर गंमत म्हणून मैत्रिणीचं नाव सांगितलं. तर तिची आई डबा घेऊन परतेपर्यंत सिस्टर औषधाची वाटी घेऊन उभ्याच. रोज्यांच्या दिवसांत एक आजी दुपारची गोळी घेईनात, तेव्हा आम्ही बाकीचे सगळे आजींना समजावत बसलो. सिस्टर तेवढ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि गोळीची वेळच बदलून आल्या.

बाबांच्या बाबतीत मात्र त्यांचं कसब पणाला लागलं. दुखतंय का विचारलं की बाबा "ठीक आहे" म्हणायचे. टाका ओढला तरी ठीक, ताप चढला तरी ठीक. दोन दिवसांत सिस्टरांनी ओळखलं की या म्हाताऱ्याची तब्येत त्याच्या टोमण्यांवरून बघायची. चहा पाणचट आहे, पंखा पेन्शनीत निघालाय, असं काहीबाही सुनावलं की सिस्टर समाधानाने पुढच्या खाटेकडे वळत. मला एकदा म्हणाल्या, "काका जोवर टोमणे मारून राहिले, तोवर मला फिकर नाही जी."

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी त्यांना "धन्यवाद, ताई" म्हटलं. मला इतका आनंद झाला, की मी घरी फोन करून बाबा माणसाळल्याची बातमी दिली. सिस्टर मात्र खाटेपाशी थांबल्या. हातातल्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटभर बाबांचे श्वास मोजले, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि डॉक्टरांना कळवलं. आकडे जरासेच खाली होते. लक्ष ठेवा, असं उत्तर आलं. दुपारपर्यंत बाबा बरळायला लागले, सलाइनची नळी उपटायला लागले. मला त्यांनी ओळखलं नाही, शाळेचा शिपाई समजून घंटा द्यायला सांगितली. माझा धीर सुटला. मी डॉक्टरांना फोन करून झोपेच्या इंजेक्शनला त्यांचा होकार मिळवला.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हे इंजेक्शन मी देणार नाही. काका कशाने असे करून राहिले ते डॉक्टरांनी आधी येऊन पाहावं."

मी त्यांना वॉर्डातल्या सगळ्यांसमोर नको ते बोललो. तुमचं काम सांगितलेलं करण्याचं आहे, इथपर्यंत बोललो. मग खाली जाऊन ऑफिसात कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या तक्रार लिहिली. उद्धट, आडमुठ्या, वृद्धांच्या वेदनांबाबत बेफिकीर. एकही खाडाखोड झाली नाही.

वर आलो तर डॉक्टर बाबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभे होते. सिस्टरांनी त्यांना तीनदा फोन करून बोलावून घेतलं होतं. न्यूमोनिया होता. "झोपेचं इंजेक्शन गेलं असतं तर श्वासच बंद पडला असता," डॉक्टर म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता, "चूक माझीच. फोनवर सांगायला नको होतं." तीन दिवसांनी बाबांनी डोळे उघडून विचारलं, की इथे दाढी करायला वेगळं ऑपरेशन लागतं का. सिस्टर धावत मला सांगायला आल्या, "काका परत आले," आणि पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले. त्या सुटकेच्या आनंदात मी खाली दिलेला कागद साफ विसरलो.

घरी सोडलं त्या दिवशी सिस्टर दिसल्या नाहीत. ऑफिसातले गृहस्थ खुशीत म्हणाले, "तुमच्या अर्जावर कारवाई झाली, साहेब. काढलं त्यांना." मी तक्रार मागे घेतो म्हणालो, डॉक्टरही माझ्या बाजूने बोलले, पण जागा भरली गेली होती. बाबांना हे कळल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिहिता तर येतंच तुला. आता तिच्यासमोर जाऊन बोल."

मी कात्रजला गेलो. सिस्टर बॅग भरत होत्या. गावी आई एकटी होती आणि तालुक्याच्या दवाखान्यात काम मिळणार होतं. मी माफी मागितली. त्यांनी हातातली साडी घडी घालून बॅगेत ठेवली. "तुम्ही भ्यायले होते दादा. भ्यायलेलं माणूस ओरडतेच," त्या म्हणाल्या. मग दुसरी साडी उचलत म्हणाल्या, "पण लिहून नव्हतं द्यायचं." निघताना त्यांनी बाबांच्या श्वासाचे व्यायाम मला पुन्हा एकदा करून दाखवले आणि माझ्याकडून करून घेतले.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. सणावाराला सिस्टरांना फोन करायचे, विदर्भातल्या उन्हावरून छेडायचे. बाबा घरीच गेले, सदाशिव पेठेत, दुपारी. नातेवाइकांना कळवून झाल्यावर मी गोंदियाला फोन लावला. सिस्टरांनी विचारलं, जवळ कोण होतं. मी म्हटलं, मी होतो, हात धरून.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही खाल्लं का दादा?"

मी हो म्हटलं. ते खोटं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला नाही.