इस्त्रीवाल्याचा बाक आणि खांब नावाचा खेळाडू

धाकट्या आजोबांचं लिहितेस ना? मग आधी त्यांच्या दुकानातला बाक लिही. माझे हे धाकटे दीर, मी त्यांना भावजी म्हणते. त्यांचं इस्त्रीचं दुकान बास्केटबॉलच्या मैदानाला अगदी चिकटून. खेळणाऱ्या पोरांच्या जर्सींना इस्त्री तेच करायचे. त्या जर्सीवर नंबर चिकटवलेला असतो बघ, त्याच्यावर तापलेली इस्त्री पडली की तो वितळून इस्त्रीलाच लागतो. म्हणून जर्सी नेहमी उलटी करून घ्यायची. भावजींचा हात कधी चुकला नाही. म्हणजे एकदा सोडून, ते सांगते पुढे.

दुकानात फळीवर टीव्ही, आणि समोर तो लाकडी बाक. रोज संध्याकाळी दोघं हजर, बसचा ड्रायव्हर आणि बेकरीवाला. कपडे असोत नसोत. वाद एकच, आजवर जगात सगळ्यात भारी बास्केटबॉल कोण खेळला? ड्रायव्हरच्या लाडक्याला दुकानात 'पाखरू' म्हणायचे, उंच उडायचा म्हणून. बेकरीवाल्याचा लाडका 'मिशीवाला'. मला मेलीला मिशी सोडली तर दोघं सारखेच दिसायचे.

एके दिवशी पेटलं. बेकरीवाला म्हणाला, "अरे, तुझा जन्म गेला सीटवर बसून, तू उड्यांचं काय सांगतोस?"

ड्रायव्हर म्हणाला, "आणि तुला पाव सोडून दुसरं काय फुगवता येतं? हां, गाल येतात!"

झालं. दोघं दोन वाटांनी गेले ते फिरकलेच नाहीत. कपडे बायकांच्या हाती यायला लागले. भावजींचं कशात लक्ष लागेना. जेवायला बसले की म्हणायचे मीठ कमी आहे, आणि ताट तसंच सारायचे. मीठ बरोबर असायचं गं, मीच घालायचे. त्यातच एकदा जर्सी सुलटी ठेवली आणि नंबर इस्त्रीला! दुकानभर जळका वास. मला म्हणाले, "वहिनी, बाक रिकामा असला की हात चुकतो हो."

त्यांची लेक, म्हणजे तुझी आत्या, विम्याच्या हापिसात आकडेमोड करते. ती म्हणाली, "बाबा, मी लावते निकाल." घड्या घालायच्या टेबलावर तिनं लॅपटॉप मांडला. मी म्हटलं, "ज्यानं चेंडू जास्त वेळा जाळीत टाकला तो मोठा. त्याला एवढं काय लागतं?"

"तसं नाही काकू. पूर्वी लांबून टाकला तरी दोनच गुण, आता तीन. कधी खेळ संथ, कधी नुसती पळापळ. म्हणून आधी सगळ्यांना एका मापात आणायचं. आणि मुख्य म्हणजे, तो मैदानात असताना टीम किती पुढे जाते आणि तो बाहेर बसला की किती घसरते, ते बघायचं."

"अगं बाई, हे तर मला कळतं! मी माहेरी गेले की या घराचं जे होतं, तीच माझी किंमत."

भावजी म्हणाले, "तुम्ही माहेरी गेलात की आम्ही थेट शून्याखाली!"

निकाल लागला, पण ऐकायला त्या दोघांना आणायचं कसं? भावजींनी काय केलं, ड्रायव्हरचा गणवेश घातला बेकरीवाल्याच्या गठ्ठ्यात, आणि बेकरीवाल्याचे पांढरे डगले ड्रायव्हरच्या. दोघं तरातरा आले. ड्रायव्हर डगला नाचवत म्हणाला, "हे घालून मी बस चालवू का बिस्किटं भाजू?" समोर बघतो तर बेकरीवाला. बसले दोघं बाकाच्या दोन टोकांना, तोंडं फिरवून.

आत्यानं सांगून टाकलं, "पहिला नंबर, खांब."

खांब म्हणजे काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या जमान्यातला, जाळीखाली उभा राहायचा तो. दोघांची तोंडं एकदम वळली.

"खांब?" ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, तो तर नुसता उभा असायचा!" बेकरीवाला म्हणाला.

"तेच म्हणतो ना मी! पोरी, अगं याचा मिशीवाला आला असता तरी मी गिळलं असतं, पण खांब?"

"आणि पाखरू काय वाईट होतं? मशीन बिघडलंय हिचं!"

ओरडता ओरडता दोघं सरकत सरकत बाकाच्या मध्यावर आले. भावजी पाठ करून जर्सी उलटी करत होते. खांदे हलत होते हसून. मी गुपचूप चहा ठेवला.

नंतर मी आत्याला धरलं. "खरं सांग, बापासाठी त्या खांबाला वर ढकललंस ना?"

"नाही गं काकू. तिघं इतके जवळजवळ आहेत की जुन्या काळाला जरा जास्त वजन दिलं की खांब वर, जरा कमी दिलं की खाली. वजन किती द्यायचं ते शेवटी माणसालाच ठरवावं लागतं."

"मग तू किती दिलंस?"

"बाबांना जेवण जाईल इतकं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बरोबरच आले. दारातूनच विचारलं, "पोरगी कुठाय? आम्ही दोघांनी मिळून तिच्या चुका काढल्यात."

"येईलच. बसा की," भावजी म्हणाले.

कपडे दोघांच्याही हातात नव्हते.